हमीभाव ८,११०, गावात भाव ७,०००: मधले हजार रुपये जातात कुठे?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे आणि तो तिहेरी आहे. हमीभाव केंद्र सरकार ठरवते, खरेदीही केंद्राचीच संस्था करते, तरी दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावात कापूस हमीभावापेक्षा हजार रुपये कमीने का विकला जातो? परदेशी कापसावरचे शुल्क काढले, त्याचा यात किती हात? आणि भांडायचे कुणाशी, दिल्लीशी की मुंबईशी?

आधी थेट उत्तर देतो. हमीभाव कमी ठरवला गेला हे मुख्य कारण नाही. भाव ठरवणारे, कापूस घेणारे आणि आयात मोकळी करणारे ही केंद्रातली तीन वेगळी खाती आहेत: कृषी, वस्त्रोद्योग आणि अर्थ. तिघांची वेळापत्रके तीन आहेत आणि त्यातले एकही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वेळापत्रकाशी जुळत नाही. या फटीत सर्वात आधी सापडतो तो दोन-पाच एकरवाला, कारण त्याला थांबता येत नाही.

व्यापारी गावात येऊन ७,००० सांगतो तेव्हा तो आकडा कुठून येतो, ते आधी पाहू. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ३४ टक्के उतारा धरून ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, ६३ किलोच्या आसपास सरकी आणि बाकी घट. रुईचा बाजार खंडीवर चालतो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा रुई खंडीला ५५,००० आहे. किलोला १५४ रुपये ५० पैसे पडले, म्हणजे ३४ किलोचे साधारण ५,२५०. सरकी ३,५०० रुपये क्विंटल धरली तर ६३ किलोचे २,२०५. दोन्ही मिळून ७,४५५. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, गाडीभाडे, बाजार समितीचा सेस असे ३५० रुपये वजा करा. हाती राहतात ७,१००. एवढ्यात त्याने स्वतःचा नफाही धरलेला नाही.

आता उलटे गणित करा. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता (मध्यम धाग्याचा ७,७१०). सरकी आणि खर्च तेवढाच ठेवून व्यापाऱ्याला ८,११० द्यायचे तर रुई खंडीला साडेपासष्ट हजारांच्या घरात जायला हवी. बाजार तिथे नसेल तर खासगी माणूस हमीभाव देणार नाही. दिला तर प्रत्येक क्विंटलला त्याचे हजार रुपये जातात. म्हणून ‘व्यापाऱ्यांवर गुन्हे दाखल करा’ या मागणीने हा प्रश्न सुटत नाही. रुईचा बाजार खाली असताना हमीभाव देऊ शकणारा ग्राहक एकच उरतो, तो म्हणजे सीसीआय, भारतीय कापूस महामंडळ. आणि सीसीआयला होणारा तोटा भरून देतो केंद्राचा अर्थसंकल्प. २०१४-१५ ते २०२०-२१ या सात हंगामांच्या तोट्यापोटी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये १७,४०८.८५ कोटी रुपये मंजूर केले होते. हमीभावाचा खरा खर्च इथे दिसतो.

शुल्काचा हिशेबही असाच क्विंटलवर आणून पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क लागले: ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींवरचा १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का. परदेशी रुई बंदरात ५५,००० रुपये खंडीने पडत असेल तर ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये. ३४ टक्के उताऱ्याने ते एका क्विंटल कापसाला सुमारे ५७५ रुपये होतात. ही वरची मर्यादा समजा. शुल्क लागले म्हणून पूर्ण ५७५ शेतकऱ्याच्या हाती येत नाहीत, कारण मधल्या साखळीत वाटणी होते. पण शुल्क निघाले की घसरण मात्र लवकर गावापर्यंत येते. खरेदीदार पुढच्या तीन महिन्यांचा भाव धरून आजचा सौदा करतो.

२०२५ मध्ये नेमके तेच झाले. १९ ऑगस्टपासून शुल्क माफ झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला-दुसरा वेचा घरात येण्याचे दिवस. त्या आधीच्या हंगामात सीसीआयने सुमारे १ कोटी गाठी खरेदी केल्या होत्या, म्हणजे देशाच्या उत्पादनाचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यातला विकायचा माल हाती असतानाच सरकारने बाहेरचा माल बिनशुल्क येऊ दिला आणि सीसीआयला आपले विक्रीदर खाली आणावे लागले. अर्थ खात्याच्या एका अधिसूचनेने वस्त्रोद्योग खात्याच्या संस्थेचा तोटा वाढवला आणि तो भरायचा पुन्हा अर्थ खात्यानेच. विदर्भातल्या शेतकऱ्याचे नाव यात येते ते फक्त ‘परिणाम’ म्हणून.

गिरण्यांची बाजू खोटी नाही, तीही मांडली पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात कर लावला. तिरुपूरसारख्या केंद्रांच्या ऑर्डरी अडकल्या. बांगलादेश आणि व्हिएतनाम बिनशुल्क कापूस आणून कपडा विकतात. हे सगळे मान्य. पण निर्यातीसाठी कच्चा माल बिनशुल्क आणायची सोय आधीपासून आहे, तिला आगाऊ परवाना योजना म्हणतात. कापूस आणा, त्याचे सूत किंवा कपडा करून बाहेर पाठवल्याचे दाखवा, शुल्क लागत नाही. लहान गिरणीला त्याची कागदपत्रे जड जातात हे खरे. मग ती सोपी करायची होती. आपल्याकडे जवळपास न पिकणारा अतिलांब धाग्याचा कापूस तर फेब्रुवारी २०२४ पासून शुल्कमुक्त आहेच. सरसकट माफी दिली की निर्यातदारासोबत देशातच माल विकणाऱ्यालाही स्वस्त रुई मिळते आणि तिची किंमत वणी-पांढरकवड्याचा शेतकरी मोजतो. माझे स्पष्ट मत आहे: ऑक्टोबर ते फेब्रुवारी या आवकेच्या पाच महिन्यांत सरसकट माफी कधीच नसावी. द्यायचीच असेल तर मार्च ते ऑगस्टमध्ये द्यावी आणि तिची तारीख पेरणीआधी जाहीर करावी, म्हणजे कपाशी लावायची की सोयाबीन-तूर हे ठरवताना ती माहिती हाताशी असेल.

आता दिल्ली की मुंबई. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती राज्य सूचीत आहे (नोंद १४), बाजार आणि जत्रा राज्याकडे (नोंद २८), परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क केंद्राकडे (नोंद ४१ आणि ८३). आणि कच्चा कापूस, जिन केलेला किंवा न केलेला, तसेच सरकी, यांचा व्यापार आणि पुरवठा समवर्ती सूचीत नोंद ३३ खाली नाव घेऊन लिहिलेला आहे. म्हणजे कापसावर दोघांचाही अधिकार आहे आणि म्हणूनच दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ पासून एकाधिकार खरेदी चालवली ती याच अधिकारातून. त्या योजनेत चुका होत्या, शेवटी ती तोट्यात बुडाली, पण एक गोष्ट साफ होती: जाब विचारायला एकच दार होते.

शुल्काच्या पैशातही संघराज्याचा प्रश्न दडलेला आहे. ११ टक्क्यांपैकी फक्त मूळ ५ टक्के राज्यांसोबत वाटल्या जाणाऱ्या निधीत जातात. उपकर आणि अधिभार, म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम, वाटणीबाहेर राहते. पंधराव्या वित्त आयोगाने वाटणीयोग्य निधीतला राज्यांचा हिस्सा ४१ टक्के ठेवला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. केंद्राने कर म्हणून न घेता उपकर म्हणून जेवढे जास्त घेतले, तेवढी राज्याची वाटणी आकसली. आणि मग सिंचनाचा अनुशेष, गोदामे, वाळवणीचे ओटे यांसाठी पैसा नाही हे उत्तर मुंबईहून येते.

हमीभावाच्या सूत्राबद्दल थोडक्यात. कृषी मूल्य आयोग सगळ्या राज्यांचा भारित सरासरी खर्च काढतो आणि त्याच्या दीडपट भाव सुचवतो. २०२५-२६ ला मध्यम धाग्यासाठी धरलेला खर्च क्विंटलला ५,१४० होता, त्याच्या दीडपट ७,७१०. या खर्चात प्रत्यक्ष निविष्ठा आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज येत नाही. स्वामिनाथन आयोगाच्या (खर्चाच्या दीडपट भाव द्या, या) शिफारशीवरचा सगळा वाद याच दोन बाबींचा आहे. पण कोरडवाहू विदर्भाला त्याहून मोठा फटका सरासरीचा बसतो. समजा मशागत, बियाणे, खत, फवारणी, निंदण मिळून एकरी २५,००० गेले आणि वेचणी किलोला १० रुपये. एकरी ५ क्विंटल पिकले तर क्विंटलचा खर्च ६,०००, आणि ८ पिकले तर ४,१२५. भाव एकच. हलक्या बरड जमिनीवर, पावसाच्या खंडात, पाण्याची सोय नसलेल्या शेतात दीडपटीचा नफा सरासरीतच संपतो. म्हणून हमीभाव वाढवण्याची मागणी करतानाच उत्पादकतेचाही आग्रह धरला पाहिजे. देशाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास अडकली आहे आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचे कापूस उत्पादकता अभियान जाहीर झाले ते त्यामुळेच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या प्रकल्पातून पुढे आलेली सघन लागवड हलक्या जमिनीसाठी खरोखर उपयोगाची आहे: ९० बाय १५ सेंटिमीटरवर हेक्टरी ७४,००० झाडे बसतात, बोंडे लवकर आणि एकदम येतात, डिसेंबरात शेत मोकळे होते. अडचण पैशाची. एकरी बियाण्याच्या दोन पाकिटांच्या जागी पाच-सहा लागतात आणि बीजी-२ या बीटी बियाण्याच्या ४७५ ग्रॅम पाकिटाचा केंद्राने ठरवलेला कमाल दर २०२५ ला ९०१ रुपये होता. झाडाची वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या फवारण्या वेगळ्या. हे न करता नुसतीच दाटी केली तर झाड उंच जाते, आत हवा खेळत नाही आणि खालची बोंडे सडतात.

फटीचा दुसरा भाग खरेदीचा. सीसीआयचा नियम असा: ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. ११ टक्के भरला तर ८,११० मधून २४३ रुपये गेले. परतीच्या पावसानंतर, दव असताना वेचलेला पहिला वेचा १५ ते २० टक्के भरतो आणि दिवाळीला पैसा हवा असतो त्या वेळी घरात तोच माल असतो. केंद्र उघडले असले तरी तो माल केंद्राच्या दारातून परत येतो. जातो मग खेडा खरेदीवाल्याकडे. तो ओलावा मोजत नाही, पण ओलाव्याची आणि वर आणखी थोडी कट्टी भावातच कापून घेतो आणि नगदी देतो. हमीभाव आणि गावातला भाव यांतले हजार रुपये हातून सुटतात ते बऱ्याचदा इथे, सीसीआयच्या दारातून माल परत आल्यावर, आणि ते शेतकऱ्याच्या हाताने थोडेफार वाचवता येतात.

दव उडाल्यावर, साधारण दहानंतर वेचणी सुरू करा. घरी आणल्यावर ढीग लावू नका. ताडपत्रीवर अर्ध्या फुटापेक्षा पातळ पसरा, दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दुपारी एकदा उलथा, संध्याकाळी झाका. सुकला की नाही ते सरकीवरून ओळखा: दाताखाली कट्ट आवाज करून फुटली तर माल तयार, चेपली तर अजून ओल आहे. वरचा थर वाळलेला आणि पोटात ओल असेल तर ग्रेडर, म्हणजे प्रत तपासणारा माणूस, मशीनची सळई ढिगाच्या आत खुपसतो आणि आकडा पोटातला येतो. केंद्रावर सकाळी पहिल्या नंबरला जाण्यापेक्षा दुपारचा नंबर बरा. गाडी रात्रभर उघडी ठेवली तर वाळवलेला माल पुन्हा दोन टक्के ओल धरतो. कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेला कापूस) वेगळी ठेवा, चांगल्या मालात मिसळली तर अख्ख्या गाडीची प्रत उतरते. ८,११० हा २०२५-२६ चा दर २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअरसाठी (धाग्याच्या तलमपणाचे माप) होता, लांबी कमी भरली की दर त्या मानाने खाली येतो, ती फसवणूक नव्हे. पण ग्रेडरने नेमकी कोणती प्रत लावली ते पावतीवर लिहून घ्या.

२०२५ पासून ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी आणि नंबर लावणे सक्तीचे आहे. त्यात अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद नाही किंवा कमी क्षेत्राची आहे. सातबाऱ्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. जमिनीच्या सामाईक खात्यात बाकीच्या हिस्सेदारांची संमती जोडलेली नाही. आणि पैसे: ते आधार जोडलेल्या खात्यात जातात, म्हणजे आधार शेवटी ज्या बँकेला जोडले त्या खात्यात. एखाद्या योजनेसाठी मध्येच नवीन खाते उघडले असेल तर कापसाची रक्कम तिकडे जाते आणि माणूस सोसायटीच्या बँकेत चकरा मारत राहतो. सप्टेंबरातच बँकेत जाऊन आधार कुठे जोडले आहे ते विचारा. ही चारही कामे मुख्यतः राज्याच्या आणि गावाच्या पातळीवरची आहेत, इथे दिल्लीला दोष देऊन उपयोग नाही. एकरी किती कापूस घ्यायचा ती मर्यादासुद्धा राज्याच्या कृषी खात्याने दिलेल्या उत्पादकतेच्या आकड्यावर बेतलेली असते. आकडा जुना किंवा कमी गेला तर चांगले पिकवणाऱ्याचा उरलेला माल बाजारात पडतो.

सर्वात वाईट अवस्था मक्त्याने (भाड्याने) किंवा बटईने (वाट्याने) शेती करणाऱ्याची आहे. सातबारा मालकाचा, पीक पाहणी मालकाच्या नावावर, हमीभाव मालकाच्या खात्यात. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि कूळ लागेल या भीतीने मालक कागद करून देत नाही. केंद्राची प्रत्येक योजना, मग ती हमीभाव असो, पीक विमा असो की सहा हजारांचा सन्मान निधी, जमिनीच्या कागदावर उभी आहे आणि तो कागद राज्याच्या कायद्यात अडकलेला आहे. केंद्राने कितीही ॲप काढले तरी मक्तेदार त्यात दिसणार नाही. हा कायदा बदलणे मुंबईच्या हातात आहे आणि विदर्भातल्या आमदारांनी सर्वात आधी धरावा असा हा विषय आहे.

थांबून विकण्याबद्दलही विचारणा होते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवण्याला दोन मर्यादा आहेत. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले नाही तर व्याज सवलत जाते, आणि ती सवलत गेल्यावर भाववाढीतले बरेच पैसे तिथेच संपतात. दुसरी मर्यादा गुलाबी बोंडअळीची. बीजी-२ आता तिला रोखत नाही, २०१७ ला विदर्भाने ते पाहिले. साठवलेल्या कापसातल्या सरकीत अळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामाला घरातूनच बाहेर पडते. सीसीआय उशिरा घेते, म्हणून माल घरात राहतो, म्हणून अळी टिकते, म्हणून फवारणीचा खर्च वाढतो. खरेदी पंधरा दिवस आधी सुरू करण्याचा फायदा केवळ भावापुरता नाही.

भावांतराची मागणीही सध्या जोरात आहे: बाजारात विका, फरक सरकार देईल. मध्य प्रदेशात २०१७ ला हा प्रयोग झाला तेव्हा योजनेच्या मुदतीत बाजारभावच खाली गेल्याची तक्रार झाली, कारण व्यापाऱ्याला माहीत होते की फरक सरकार भरणार. कापसात ते करायचे तर फरक त्या बाजार समितीच्या भावावरून न काढता रुई आणि सरकीच्या देशपातळीवरच्या भावावरून काढावा लागेल, वर केले तसे गणित करून. आणि सीसीआय बाजारात हवीच. ती नसेल तर खाली आधारच राहत नाही.

सोयाबीन आणि तुरीत खाती बदलतात, दुखणे तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले, मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ वर आणले, ऐन पेरणीच्या तोंडावर. तुरीची आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क ठेवली, म्हणजे आपली तूर खळ्यावर येण्याचे दिवस त्यातच गेले. शहरातल्या ग्राहकाला डाळ-तेल परवडले पाहिजे हे केंद्राचे कर्तव्यच आहे. ते स्वस्ताईचे ओझे फक्त पिकवणाऱ्यावर टाकू नये, एवढीच मागणी रास्त आहे.

तेव्हा भांडायचे कुणाशी याचे उत्तर कामाप्रमाणे वेगळे आहे. शुल्काची तारीख आणि सीसीआय केंद्र उघडण्याची तारीख यांसाठी खासदार: लोकसभेत वस्त्रोद्योग खात्याला लेखी प्रश्न विचारायला लावा की जिल्ह्यात पहिली आवक कोणत्या तारखेला झाली, केंद्रावर पहिली गाडी कोणत्या तारखेला घेतली आणि त्या मधल्या दिवसांत बाजार समितीचा सरासरी भाव काय होता. पीक पाहणी, उत्पादकतेचा आकडा, मक्तेदाराचा कागद, बाजार समितीच्या आवारातले सिमेंटचे ओटे यांसाठी आमदार आणि पालकमंत्री. माल नाकारला असेल तर त्याच दिवशी ओलाव्याचा आकडा, वेळ आणि नाकारण्याचे कारण लेखी मागा, न दिल्यास बाजार समितीच्या सचिवाकडे अर्ज देऊन पोच घ्या. गावातल्या वीस-पंचवीस जणांच्या अशा पोचा एकत्र झाल्या की खासदाराच्या प्रश्नाला आकडे मिळतात, आणि खात्याला त्याचे लेखी उत्तर द्यावे लागते.